ठिणगीविना चालणारी लँड रोव्हर
रोव्हर कंपनीने १९४८ साली लँड रोव्हर आणली ती पेट्रोलवर. डिझेल इंजिन यायला १९५७ उजाडले. २०५२ सीसी, शक्ती जेमतेम ५१ अश्वशक्ती. पण त्याची चाहूल गाडीच्या अंगाला आधीच लागली होती. इंजिन लांबीला जास्त, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १९५६ मध्येच दोन-दोन इंचांनी वाढवले: ८६चे ८८ झाले, १०७चे १०९. लांब स्टेशन वॅगन तेवढी १०७वर राहिली, आणि तिला डिझेल कधी मिळालेच नाही. मला या इंजिनाची पेटण्याची रीत फार आवडते. इंजिन-अभियंता रिकार्डोच्या रचनेतल्या छोट्या कोठडीत हवा गरगरत इतकी दाबली जाते, इतकी तापते, की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. स्पार्क प्लग नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. ओढ्यात पेट्रोलगाडीची ठिणगी भिजून मरते, तिथून ही पार होते. हवेच्या नळीत पाणी शिरू नये, एवढेच. थंडीत मात्र ती कोठडी आधी तापवणाऱ्या हीटर प्लगांचा भरवसा धरावा लागे. चारही एकामागून एक जोडलेले, दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सगळे गार. वेग बेताचा, आवाज दणदणीत. तरीही जुन्या गाडीतून हे इंजिन काढून नवे बसवलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. १९६१ मध्ये २२८६ सीसीचे, ६२ अश्वशक्तीचे डिझेल आले, तेव्हा कुठे चढावर जोर आला.