अक्षर नुसते दिसून भागत नाही

इ. स. १८५७ मध्ये मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. एकेक खिळा हाताने जुळवून छापलेला हा जाडजूड ग्रंथ आता शिकागो विद्यापीठाने महाजालावर सर्वांस खुला केला आहे. त्यातील कोणताही शब्द देवनागरीत टंकित करा, क्षणात त्याचा अर्थ पडद्यावर येतो. आता दुसरे उदाहरण घ्या. १९९८ च्या सुमारास एखाद्या शाळेने आपली स्मरणिका संगणकावर जुळवून घेतली असेल. तिची फाइल आज दुसऱ्या संगणकावर उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी दिसण्याचा संभव फार मोठा आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथ आज बोलतो आणि संगणकावरच जन्मलेला मजकूर पाव शतकात मुका होतो, हे कसे?

विद्यार्थी मित्रहो, ह्या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले, तर तुमच्या रोजच्या वापरातील पुष्कळ अडचणी आपोआप सुटतील. आणि आपल्या शाळांनी एक चुकीची सवय तातडीने का सोडली पाहिजे, तेही ध्यानात येईल.

अक्षरांचा पिन कोड

संगणकास अक्षर कळत नाही. त्याला फक्त अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की ह्या संकेतात असे १२८ क्रमांक होते. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांची सोय झाली. देवनागरीला त्यात जागा नव्हती.

क्रमांकाचे महत्त्व आपणास टपालावरून सहज समजेल. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पत्र नेमके कोठे जायचे, याचा घोटाळा होऊ नये म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात सहा अंकी पिन कोड सुरू झाला. ही पद्धत रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार होते. पिन कोड साऱ्या देशात एकच आहे, म्हणूनच तो उपयोगी पडतो. प्रत्येक तालुक्याने आपापले वेगळे क्रमांक ठरवले असते, तर पत्रे भलतीकडेच गेली असती.

संगणकावरील मराठीचे काही वर्षे नेमके असेच झाले. जुने टंक, म्हणजे फाँट, बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी अक्षरांचे आकार बसवले. काना एका क्रमांकावर, अर्धा क दुसऱ्या क्रमांकावर, रफार तिसऱ्या क्रमांकावर. शिवाय प्रत्येकाची मांडणी निराळी. अशा फाइलीत साठवलेले असते ते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. वर चढवलेला असतो तो मराठीचा पोशाख. नाटकातला नट राजाचा अंगरखा घालून उभा असतो, तसाच हा प्रकार. अंगरखा उतरला, म्हणजे तो विशिष्ट टंक संगणकात नसला, की खरा चेहरा उघडा पडतो. त्या काळात ह्या टंकांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, यात शंका नाही. दुसरा सोयीचा मार्गच तेव्हा नव्हता. पण आज तो आहे.

तो मार्ग म्हणजे युनिकोड. जगातील लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, ही त्यामागील कल्पना. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखून ठेवल्या होत्या. भारतात त्याआधी तयार झालेल्या इस्की ह्या संकेताचा तिला आधार होता. ह्या व्यवस्थेत क चा क्रमांक २३२५. तो पुण्यातही २३२५ आणि टोकियोतही २३२५. टंक कोणताही वापरा, आकार बदलेल; क्रमांक बदलणार नाही.

स्वतः करून पाहा

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये. म्हणून हा छोटा प्रयोग करा. संगणकावर नोटपॅड उघडून त्यात फक्त ‘मराठी’ एवढाच शब्द युनिकोडमध्ये टंकित करा. शेवटी मोकळी जागा सोडू नका. फाइल साठवा आणि तिचे आकारमान पाहा. ते १५ बाइट भरेल. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, मग १५ कोठून आले? संगणकाच्या लेखी येथे पाच चिन्हे आहेत: म (२३५०), र (२३५२), काना (२३६६), ठ (२३३६) आणि दीर्घ वेलांटी (२३६८). फाइल साठवण्याच्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा! नोटपॅडच्या जुन्या आवृत्तीत साठवताना यूटीएफ-८ ची निवड करावी लागते. ती फाइलीच्या आरंभी ३ बाइटांची एक खूण घालते, तेव्हा तेथे १८ दिसतील.

आता शाळेतून आलेली एखादी मराठी फाइल तपासा. तिच्यातील एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी जशीच्या तशी उमटली, तर मजकूर खरा. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली, तर तो पोशाखी. आणि ओळ निवडताच आली नाही, तर ती अक्षरे नव्हेतच. ते अक्षरांचे नुसते चित्र आहे. पीडीएफ फाइलीबाबत मात्र एक सावधगिरी हवी. मूळ मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ बनवताना जोडाक्षरे व वेलांट्या कधी कधी विस्कटतात. म्हणून शक्य असेल तेथे मूळ फाइल मागून तीच तपासावी.

हे कोणासाठी?

“मजकूर दिसतो आहे ना? छापता येतो आहे ना? मग झाले!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्याला डोळे आहेत आणि ज्याला एकदाच वाचायचे आहे, त्याच्यापुरते हे खरे आहे. पण वर्गातील अंध विद्यार्थ्याचे काय?

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावली आज विनामूल्य मिळतात. एनव्हीडीए ही त्यांपैकी एक. मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियातील तरुणाने २००६ साली ती लिहावयास घेतली, आणि तो स्वतः अंध आहे. तिच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. ह्या आवाजात गोडवा नसेल, परंतु तो भूगोलाचा धडा सांगतो, प्रश्नपत्रिका वाचतो, टिपणे पुन्हा पुन्हा ऐकवतो. कोणाचीही मनधरणी न करता मध्यरात्रीसुद्धा अभ्यास करता येणे, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पण ही आज्ञावली वाचते ते क्रमांक. टिपणे जुन्या टंकात असतील, तर ती इंग्रजी अक्षरे बडबडू लागते. टिपणे छायाचित्राच्या रूपात असतील, तर वाचण्यासारखे तिला काहीच सापडत नाही. म्हणजे शिक्षकांनी रात्र जागून टिपणे काढली, विद्यार्थ्याजवळ यंत्र आहे, त्याची तयारीही आहे. तरीही दोघांमध्ये भिंत उभी राहते. आणि ती उभी राहते ती केवळ टंकाच्या निवडीमुळे. माझ्या मते ह्या एकाच कारणासाठी प्रत्येक शाळेने आपले सर्व नवे मराठी लेखन युनिकोडमध्येच करण्याचा नियम केला पाहिजे.

यावर कोणी म्हणतील, “आता यंत्रे चित्रातली अक्षरेही ओळखतात. मग चिंता कशाला?” हे खरे आहे. टेसरॅक्ट ही अशीच एक विनामूल्य आज्ञावली मराठी जाणते. जुने छापील ग्रंथ संगणकावर आणण्यासाठी अशा साधनांचा उपयोग अवश्य करावा. परंतु ओळखणे म्हणजे अंदाज करणे होय. ‘ख’ च्या जागी ‘रव’ वाचला जाणे ही तर नेहमीची गोष्ट. अंधुक छायाचित्रात १ आणि ९ यांचीही गल्लत होऊ शकते. गणिताच्या प्रश्नात एक अंक बदलला, तर उत्तर चुकल्याचा दोष विद्यार्थ्यावर येईल. जे मुळातच नीट लिहिता येते, ते आधी बिघडवून मग यंत्राकडून दुरुस्त करून घेण्यात शहाणपणा कोणता?

दुसरा आक्षेप देखणेपणाचा. युनिकोडमध्ये सुंदर टंक नाहीत, असे पूर्वी म्हणत. ते आता खरे राहिलेले नाही. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी ह्या थोर सुलेखनकारांनी रेखाटला. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

तिसरा आक्षेप सवयीचा, आणि तो मात्र खरा आहे. वीस वर्षे एका कळफलकावर बसलेली बोटे एका दिवसात दुसरीकडे वळत नाहीत. शाळेच्या कार्यालयातील टंकलेखकास नावे ठेवून उपयोग नाही. त्यांस शिकण्यासाठी वेळ द्यावयास हवा. काही टंकपेट्यांबरोबर जुन्या कळफलकावरच टंकन करून युनिकोड उमटवण्याची सोय मिळते. तेथे तर बोटांना वळण लावण्याचीही गरज नाही.

तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट, संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडा. त्यानंतर विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवण्याची पद्धत नवख्यास सोपी वाटते. तिचा परिणामही युनिकोडच असतो, तेव्हा तिने आरंभ करण्यास हरकत नाही. पण वय लहान आहे तोवर इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा, अशी माझी शिफारस आहे. त्याची रचना वर्णमालेला धरून आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर. महाप्राण हवा असेल तर शिफ्ट दाबायची. हीच मांडणी कन्नड, बंगाली, गुजराती यांनाही लागू असल्यामुळे एकदा बसलेला हात दुसऱ्या लिपीतही चालतो.

दुसरी गोष्ट, वर्गाची सूचना पाठवताना फळ्याचे किंवा कागदाचे छायाचित्र तेवढे पाठवू नका. खाली दोन ओळी टंकित करा. चित्रातली सूचना महिन्याने शोधू म्हटले तर हाती लागत नाही. टंकित केलेली सूचना एका शब्दावरून सापडते. लांबलचक फाइलीत हवा तो शब्द शोधण्यासाठी कंट्रोल व एफ ह्या कळा एकत्र दाबतात, ती युक्तीदेखील खऱ्या अक्षरांवरच चालते.

तिसरी गोष्ट, आणि ही सुटीतील उद्योगासारखी आहे. शाळेच्या कपाटात जुन्या टंकांतील फाइली पडून असतील. स्मरणिका, गावाचा इतिहास, माजी शिक्षकांची भाषणे. जुना मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने महाजालावर आहेत. मूळ टंकाचे नाव निवडायचे, मजकूर चिकटवायचा, पालटलेला उचलून घ्यायचा. मात्र दोन पथ्ये पाळा. पालटलेला मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहा. विशेषतः रफार आणि दऱ्या, सुऱ्या यांसारख्या शब्दांतला ऱ्या नीट तपासा. आणि गुणपत्रके, पत्ते, आधार क्रमांक असा खाजगी मजकूर अनोळखी संकेतस्थळावर मुळीच चिकटवू नका.

ही कामे क्षुल्लक वाटतील. पण मराठी विश्वकोश आज कोणत्याही खेड्यातील मुलाला शोधून वाचता येतो, तो कोणीतरी हा मजकूर खऱ्या अक्षरांत उतरवला म्हणूनच. तुमच्या शाळेचा, तुमच्या गावाचा मजकूर उतरवायला बाहेरून कोणी येणार नाही. तो जपणे तुमच्याच हाती आहे. शिक्षकांना विनंती अशी की, पुढची प्रश्नपत्रिका तयार करताना तिची एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. ह्या परीक्षेला अर्धे मिनिट पुरते. त्या अर्ध्या मिनिटावर एखाद्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष अवलंबून असू शकते.