जखमेचा पहिला दाखला शेवटचा ठरू नये

पवन मावळातील एका गावात ऑगस्ट २०२२ मध्ये एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये लोणावळ्यात लग्नासाठी आलेल्या एका मुलीचा असाच बळी गेला, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले होते. अशा घटनांनंतर मोर्चे निघतात, कठोर शिक्षेची मागणी होते आणि निकाल लागला की विषय मागे पडतो. पण आरोपीला शिक्षा झाली म्हणून घरच्यांचा बुडालेला रोजगार परत येत नाही. जे हल्ल्यातून वाचतात, त्यांचा उपचारांचा खर्चही त्यातून भागत नाही.

त्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७-अ २००९ च्या अखेरीस लागू झाले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी मनोधैर्य योजना सुरू केली. २०१७ च्या अखेरीस तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली आणि अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आली. इतर हिंसक गुन्ह्यांत जखमी झालेल्यांसाठी, पुरुषांसह, राज्याची २०१४ ची पीडित नुकसानभरपाई योजना आहे. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले नातेवाईक अर्ज करू शकतात. खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, तरीही न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते.

कागदावर हे सगळे चांगले आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. अर्ज आल्यावर प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. जखम किती गंभीर, अपंगत्व किती, पुढे उपचार किती, हे ठरवताना मुख्य आधार असतो तो डॉक्टरांच्या कागदाचा. हा कागद बहुतेक वेळा पहिल्या दिवशी, अपघात विभागातल्या गर्दीत लिहिलेला असतो. शरीराचे नुकसान मात्र पहिल्या दिवशी पूर्ण दिसत नाही.

मनगटावर कोयत्याचा वार झालेल्या माणसाचे उदाहरण घेता येईल. पहिल्या नोंदीत 'मनगटावर कापल्याची जखम, टाके घातले' एवढेच असते. पण आतली नस, म्हणजे चेतातंतू, तुटलेली असेल तर शस्त्रक्रियेने जोडल्यावरही ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर १५ ते १८ सेंटीमीटर धरले, तर संवेदना परत येईल की नाही हे कळायलाच पाच-सहा महिने लागतात. भातलावणी करणाऱ्या किंवा गाडी चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरी हानी तीच आहे. ती पहिल्या दाखल्यात कुठेच नसते.

ॲसिडने भाजलेल्या त्वचेचेही तसेच. जखम भरून आल्यावर व्रण महिनोन्‌महिने आकसत राहतो. पापणी ओढली जाते, डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडे पडून दृष्टी अधू होते. मान छातीकडे खेचली जाते. एका शस्त्रक्रियेवर हे थांबत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिड हल्ल्यातील पीडितांना किमान ३ लाख रुपये द्यावेत आणि त्यांतले १ लाख १५ दिवसांत द्यावेत, असा आदेश दिला. पहिली रक्कम उपचार सुरू व्हावेत म्हणून आहे, संपूर्ण हानीचे मोजमाप म्हणून नव्हे.

मनाची जखम तर आणखी उशिरा दिसते. आघातानंतरच्या तणावाच्या आजाराचे निदान लक्षणे एक महिन्याहून अधिक टिकल्याशिवाय करता येत नाही. झोप न लागणे, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकणे, घराबाहेर पडायची भीती वाटणे ही ती लक्षणे. पहिल्या आठवड्यात भरलेल्या अर्जात हे निदान असणे शक्यच नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेत पुनर्वसनाची गरज असलेल्या मानसिक इजेसाठीही १ ते २ लाख रुपयांची तरतूद आहे. पण मानसोपचार विभागाचा केसपेपरच नसेल, तर ती मागायची कशाच्या आधारावर?

गुन्ह्याचे कलमही याच कागदावर अवलंबून असते. भारतीय न्याय संहितेनुसार जखमी १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा नेहमीची कामे करू शकला नाही, तर ती 'गंभीर दुखापत' ठरते. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवस होती. पंधरा दिवसांनी काय होणार, हे पहिल्या दिवशी कोणी लिहू शकत नाही. अशा वेळी अंतिम मत राखून ठेवणे आणि रुग्णाला पुन्हा तपासून ते देणे, हाच योग्य मार्ग आहे.

मावळात हा दुसरा फेरा अवघड असतो. पवना खोऱ्यातल्या वाडीवरून रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात, मग कान्हे किंवा लोणावळा, आणि तिथून पिंपरी किंवा ससूनला जातो. लोणावळा ते पुणे सुमारे ६५ किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी वेगळा केसपेपर निघतो. रोजंदारी बुडवून, टाके काढल्यानंतर पुन्हा केवळ दाखल्यासाठी जाणारे थोडेच.

यात कुटुंबाला काही गोष्टी करता येतात. प्रत्येक रुग्णालयाचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची बिले एकत्र ठेवावीत. महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी फेरतपासणी करून तशी लेखी नोंद मागावी. कायमचे अपंगत्व राहिले, तर दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. अर्जाबाबत वडगाव मावळच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करता येते, १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेलि-मानस सेवा आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. नकार देणे हा गुन्हा आहे.

मात्र सगळा भार जखमी माणसावर टाकणे बरोबर नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शारीरिक इजेच्या, विशेषतः मुले आणि महिलांवरील अत्याचाराच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी पीडिताच्या भरपाईचा आदेश द्यावा. म्हणजे खटल्याच्या शेवटी भरपाईचा विचार पुन्हा होऊ शकतो. त्या वेळी न्यायाधीशांसमोर पहिल्या रात्रीचा एकच कागद असेल, तर आदेशही तेवढाच अपुरा ठरेल. प्राधिकरणाने अंतरिम मदत लगेच द्यावी, अंतिम रक्कम ठरवण्याआधी रुग्णालयाकडून फेरतपासणीचा अहवाल स्वतः मागवावा आणि रुग्णालयांनी तो विनाविलंब द्यावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक पत्र आणि एक तपासणी एवढेच लागते.