फिरायला जायचे, पण कुठे?

वाचकहो, गेल्या महिन्यात दवाखान्यात एक बाई आल्या होत्या. वय पंचावन्नच्या आसपास. रक्तातील साखर वाढलेली, वजन वाढलेले, गुडघे कुरकुरणारे. मी गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीप्रमाणे शेवटी म्हणालो, "रोज अर्धा तास फिरत जा." बाईंनी चिठ्ठी पिशवीत टाकली आणि उठता उठता विचारले, "डाक्टरसाहेब, फिरा म्हन्ता, पन फिरू कुठी? रोडनं फिरलं तं टरकवाले चिपून टाकतीन. धुऱ्यानं फिरलं तं लोक म्हन्तीन, हे बाई का हुडकून राह्यली?"

मी हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा प्रश्न अगदी खरा होता, आणि गेली पंचवीस वर्षे 'फिरत जा' असे सांगणाऱ्या मी तो स्वतःला कधी विचारला नव्हता, निदान माझ्यावर वेळ येईपर्यंत. आजचा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

तीन वर्षांपूर्वी मलाच रक्तदाब निघाला. डॉक्टरला डॉक्टरने दिलेला सल्ला तोच, रोज फिरा. सडक अर्जुनी तालुक्यात महामार्गाजवळच्या गावात माझा दवाखाना आहे. मी पहाटे उठून रस्त्याच्या कडेने चालू लागलो. चौथ्या दिवशी मागून आलेला एक ट्रक इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानेच मी कडेच्या नालीत उतरलो. घरी येऊन रक्तदाब मोजला, तर फिरायला निघण्याआधीपेक्षा जास्त! घरच्यांनी तो रस्ता बंद केला.

मग एका म्हाताऱ्या गुराख्याने मला गावाबाहेरच्या झुडपी जंगलाची वाट दाखवली. आखरापासून दहा मिनिटांवर. पाच एकरही नसेल. दोनतीन जुने मोह, थोडे पळस, खैर, टेंभुर्णी, बाकी बोरी आणि भराटीची झुडपे. मधून गुरांच्या पायांनी पडलेली वाट. सावकाश एक फेरी मारायला आठ मिनिटे लागतात. चार फेऱ्या मारल्या की अर्ध्या तासाचा हिशेब पुरा. ना मोटारीचा कर्णा, ना धूर. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात पहाटे बाया मोहफुले वेचतात, पाऊस पडला की कोणी तरोट्याची भाजी खुडते, कोणी काटवले शोधते. पहिल्या आठवड्यात मी घड्याळाकडे पाहून चालत होतो. महिन्याभरात घड्याळ घरीच राहू लागले. गोळी सुरूच आहे, ती कोणीही आपल्या मनाने बंद करू नये, पण रक्तदाब आटोक्यात आहे आणि झोपही सुधारली आहे. झोपेचे श्रेय मी त्या पाच एकरांना देतो.

आपला जिल्हा जंगलाचा, मग फिरायला जागा नाही असे कसे, असे कोणी म्हणेल. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा मला अभिमान आहे. पण ते वाघाचे घर आहे. तिथे गाडीत बसून जायचे आणि गाडीत बसूनच परत यायचे, हा नियम योग्यच आहे. वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन जावे अशी ती जागा आहे. रोज सकाळी साखर उतरवण्यासाठी जाण्याची नव्हे. औषध वर्षातून एकदा घेऊन भागत नाही, तसेच फिरण्याचे आहे. आरोग्याला उपयोगी पडते ते घरापासून पायी पोचता येणारे, फुकटचे, लहानसे रान.

हे केवळ माझ्या अनुभवाचे बोल नाहीत. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्यात होते. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकाचे जोरदार डोसही कमी लागले. जपानमध्ये १९८२ साली तेथील वनखात्याने 'वनस्नान' ही कल्पना लोकांपुढे ठेवली. स्नान म्हणजे पाण्याचे नव्हे, झाडांत शांतपणे वेळ घालवण्याचे. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मन चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे दोन तास एका दमात घालवले काय आणि थोडे थोडे करून घालवले काय, फरक दिसला नाही. अर्थात, ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच जास्त फिरतात, अशीही शक्यता आहे. म्हणून रान हा सर्व रोगांवर इलाज आहे असे मी म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तो व्यायाम माणूस रोज आनंदाने करील अशी जागा हवी, एवढे तर कोणीही मान्य करील.

त्याच इंग्लंडमध्ये खेड्याजवळ लहान लहान राने लोकांना पायी फिरण्यासाठी खुली असतात. 'वूडलँड ट्रस्ट' ही संस्था १९७२ साली याच कामासाठी निघाली. आज तिच्याकडे हजाराहून अधिक राने आहेत आणि त्यांत फिरायला तिकीट नाही. त्यांना राने विकत घ्यावी लागली, जपावी लागली, काही ठिकाणी नव्याने लावावी लागली. आपल्याकडे ती गावागावाला पूर्वीपासून आहेत. त्यांचेच नाव झुडपी जंगल.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांत हा शब्द आहे. गुरे चारायची, सरपण आणायचे, अशी ही गावाच्या वापराची जमीन. अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या जिल्ह्यांत असल्याचे सांगितले जाते. 'झुडपी' या नावानेच तिचे नुकसान केले. झुडपी म्हणजे फालतू, अशी आपली समजूत झाली. कचऱ्याचा ट्रॅक्टर तिथेच रिकामा होतो, मुरूम तिथूनच खणला जातो, सरकारी इमारतीला जागा हवी झाली की बोट तिकडेच दाखवले जाते.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनींबाबत निर्णय दिला. झुडपी जंगल हे वनच आहे आणि त्याला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींवर उभ्या असलेल्या घरांना, शाळांना दिलासा मिळण्याची वाट मोकळी ठेवली. आणि तीन हेक्टरपेक्षा लहान, दुसऱ्या वनाला न लागलेले जे सुटे तुकडे वाटप न होता राहिले आहेत, ते संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत असे सांगितले. वाचकहो, माझ्या रोजच्या फिरण्याचे पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. हा निर्णय वाचताना मला माझ्याच मोहाची झाडे दिसत होती.

पण कागद गोंदियापर्यंत येतो आणि ट्रॅक्टर गावातच असतो. आमच्या त्या तुकड्यावर गोदाम बांधावे अशी चर्चा गावात सुरू आहे. चर्चा करणारे लोक वाईट नाहीत. धान ठेवायला जागा लागते, हे भातशेती करणाऱ्या गावाला मी काय सांगावे? कायद्याने तिथे बांधकाम करायचे तर केंद्र सरकारची मंजुरी लागेल, हा मुद्दा आहेच. पण उद्या ती मंजुरी मिळाली, तरी मी नाहीच म्हणेन. गोदामाला आधीच मोडलेली, पडीक इमारतीची जागा चालते. पाय मोकळे करायला मोडलेली इमारत चालत नाही. गोदाम दोन वर्षांत उभे राहते. मोहाचे ते झाड माझ्या आजोबांच्या वयाचे आहे.

दुसऱ्या टोकाचीही मला भीती वाटते. उद्या कोणी उत्साहाने म्हणेल, आपण इथे 'उद्यान' करू. मग भोवती कुंपण, दाराला कुलूप, आत सिमेंटची वाट, लोखंडी व्यायामयंत्रे आणि नावाची कमान. गुराखी बाहेर, मोहफुले वेचणारी बाहेर. असे करू नये. ज्यांच्या पायांनी वाट पडली त्यांनाच हाकलले, तर ती वाटही बुजेल आणि रान राखणारे डोळेही जातील. कचरा टाकणे बंद करावे, मुरूम खणणे बंद करावे, वाटेवरची भराटी छाटावी. एवढे केले तरी पुरे. यासाठी निधी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि आपला थोडा संकोच सोडणे, एवढेच लागते.

आता आरोग्याचे सदर आहे म्हणून चार सूचना. रानात जाणे निर्धोक आहे, पण डोळे उघडे ठेवून.

पहिली सूचना पायांची. पहाटेच्या दवात अनवाणी चालल्याने डोळे सुधारतात असे लोक सांगतात. त्याला आधार नाही. मधुमेही माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही आणि त्याची जखम चिघळते. त्यांनी बंद बूट घालूनच जावे, घरी आल्यावर तळपाय तपासावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा.

दुसरी सूचना तापाची. २०१८ साली नागपूर विभागात 'स्क्रब टायफस' या तापाची मोठी साथ आली होती. गवतात, झुडपात राहणाऱ्या बारीक किड्याची पिले चावल्याने हा ताप येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्याचा धोका जास्त. पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब पायजमा घालावा, गवतात बसू-लोळू नये, कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत, परत आल्यावर आंघोळ करावी. ताप आला आणि अंगावर कुठेही विडीने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती काखेत, जांघेतही लपलेली असते. वेळेवर औषध सुरू झाले तर हा ताप बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. आपल्या भागात हिवतापही आहे, म्हणून कोणत्याही तापात रक्त तपासून घ्यावे.

तिसरी सूचना सापाची. हातात काठी ठेवावी, वाट सोडून झुडपात हात घालू नये, दिसू लागल्यावरच निघावे. साप चावलाच तर दोरी आवळू नये, ब्लेड मारू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे, १०८ ला फोन करावा.

चौथी सूचना सोबतीची. मोठ्या जंगलाला लागून असलेल्या गावांनी मोहाच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये. अस्वलालाही मोहफुले आवडतात. उन्हाळ्यात आठच्या आत परत यावे. चालताना छातीत दाब वाटला, दम लागला, तर तिथेच थांबावे आणि तपासणी करून घ्यावी.

त्या बाई आता फिरायला जातात. एकट्या नाहीत, शेजारच्या तिघी सोबत असतात. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलेच, "का हुडकून राह्यल्या?" चौघींपैकी एकीने उत्तर दिले, "आपली तब्येत." तेव्हापासून कोणी विचारत नाही. मागच्या तपासणीत बाईंची साखर उतरलेली होती. गोळ्यांनी उतरली की चालण्याने, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही. पण गोळ्या त्या आधीही घेतच होत्या.

वाचकहो, आपल्याही गावाबाहेर असा एखादा तुकडा असेल. तलाठ्याकडे जाऊन त्याचा गट नंबर विचारा आणि तो कशासाठी नोंदलेला आहे हे पाहा. मग उद्या सकाळी तिथे एक फेरी मारून या. जिथे रोज माणसे फिरतात, तिथे कचऱ्याचा ट्रॅक्टर सहसा थांबत नाही. आमच्या ग्रामसभेत गोदामाचा विषय येईल तेव्हा मी बोलणार आहे. त्या चौघीही येणार आहेत.