मागे रांग असताना

"दहाची पट्टी नको, पाचच गोळ्या द्या." महिनाअखेरीला औषधाच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. काउंटरमागचा फार्मासिस्ट कात्री उचलतो आणि एक्स्पायरीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहील अशा बेताने पट्टी कापतो. पण बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊन चालत नाही, हे समजावणंही त्याच्याच वाट्याला येतं.

स्वस्त पर्याय त्याला ठाऊक असतो. बीपीचंच ॲम्लोडिपिन घ्या: घटक एकच, नावं पन्नास, किमती निरनिराळ्या. अडचण चिठ्ठीची. 1945 च्या औषध नियमांतला 65 वा नियम सांगतो, की 'शेड्यूल एच'मधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या चिठ्ठीवर दुसरं औषध परस्पर देता येत नाही, मग घटक तोच का असेना. द्यावं तर नियम आडवा, न द्यावं तर म्हातारा माणूस रिकाम्या हाताने परत जाणार! जाणता फार्मासिस्ट मग डॉक्टरांना फोन लावतो, नाहीतर मूळ औषधाचं नाव कागदावर लिहून म्हणतो, "काका, हे डॉक्टरांना दाखवा."

स्वस्त औषधांची सरकारी जनऔषधी योजना 2008 सालची. तिथली किंमत आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या फार तर निम्मी. म्हणजे शेजारचं जनऔषधी केंद्र दाखवणारा दुकानदार स्वतःचं गिऱ्हाईक हातचं घालवतो. असे दुकानदार आहेत, आणि त्यांचं कौतुक कोणी करत नाही.

"पण याने गुण येतो ना हो?" हा प्रश्न मात्र केंद्रातही सुटत नाही. त्याचं उत्तर उभ्या उभ्याच द्यावं लागतं.