विजयस्तंभावर खरंच काय कोरलंय? मोबाईलवरचे मेसेज अन् भीमा कोरेगावचा दगड

पांढरकवडा : डिसेंबर संपत आला की तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज फिरायला लागतात. एकात लिहिलेलं असतं, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवलं. दुसऱ्यात असतं, ही तर इंग्रजांची चाकरी, देशाशी गद्दारी. दोन्ही मेसेज न वाचताच पुढे ढकलले जातात. मग पारावर बोलाचाली होते, कधी शेजाऱ्या-शेजाऱ्यात अबोला धरला जातो. अन् त्याच दिवसांत कापसाची वेचणी अर्ध्यावर ठेवून, मजुरी बुडवून, पोराबाळांना घेऊन विदर्भातल्या गावागावांतून माणसं 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातात.

म्हणून त्या दगडावर काय आहे ते आधी पाहिलं पाहिजे.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. कॅप्टन स्टाँटन तिचा प्रमुख. पायदळ, घोडेस्वार आणि दोन तोफांचे गोलंदाज धरून सगळे मिळून 834 जण. रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी पोहोचतात तर समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. तुकडी कोरेगावात शिरली आणि दिवसभर गल्लीबोळात लढाई झाली. अन्नपाण्याविना. कंपनीचे 275 जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली, कारण जनरल स्मिथची मोठी पलटण मागून येत होती. स्टाँटनही पुण्याला गेला नाही, शिरूरला परतला.

आता मेसेजमधले आकडे. अठ्ठावीस हजार हा इंग्रजांचा अंदाज, आणि तेवढे सगळे गावात लढायला उतरलेच नव्हते. कंपनीच्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, पण मराठे, राजपूत, मुसलमानही होते. पेशव्यांच्या पायदळात अरब होते. दोन्हीकडे पगारी शिपाई. ज्याला आज आपण देश म्हणतो तो तेव्हा कोणाच्याच डोळ्यासमोर नव्हता, मग गद्दारी कोणाशी?

इंग्रजांनी 1821 मध्ये स्तंभाचा पाया घातला. त्यावर इंग्रजी आणि मराठीत मजकूर आहे. त्यात कोरेगावच्या बचावाची आठवण म्हणून हा स्तंभ उभारला असं म्हटलंय, आणि ब्रिटिश फौजेच्या अभिमानाचा विजय असंही म्हटलंय. जातीबद्दल एक अक्षर नाही. पण खाली पडलेल्यांची नावं आहेत. 49 नावांपैकी 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार. पेशवाईत ज्यांना गावात माणूस म्हणून उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांचं नाव दगडात कोरलं गेलं. माणसं तिथं जातात ती याच्यासाठी. अठ्ठावीस हजाराचा आकडा काढून टाकला तरी त्या 22 नावांचं वजन कमी होत नाही.

इंग्रजांनी तरी कुठं उपकार ठेवला? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी महारांची फौजेतली भरतीच बंद केली. ती पुन्हा सुरू करा म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, तेव्हा हाच स्तंभ पुरावा म्हणून पुढे आला. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. साहेबाचा दगड तेव्हापासून लोकांचा झाला.

या लढाईचं शेपूट आपल्या तालुक्यातही आहे, हे फार कमी जणांना माहीत. कोरेगावनंतर बाजीराव पळतच राहिला. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची मदत मिळेल म्हणून तो वणीकडे आला. एप्रिल 1818 मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रजांच्या फौजांनी त्याला गाठून मारलं, आणि 3 जूनला तो मालकमपुढे शरण गेला. म्हणजे पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतली ही पळापळ आपल्या शिवारातूनही गेली. शाळेत हे कोणी सांगत नाही.

2018 ला दोनशे वर्षं झाली तेव्हा तिथं दगडफेक, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. तेव्हापासून 1 जानेवारीला बंदोबस्त कडक असतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. स्तंभ पेरणे फाट्याजवळ, अहिल्यानगर-पुणे रस्त्यावरच आहे, पुण्याच्या अलीकडे. विदर्भातून त्या रस्त्याने येणाऱ्याला पुण्यात शिरायचं काम नाही. पण 1 तारखेला हा रस्ता वळवतात, गाडी लांब उभी करून पुढे बसने किंवा पायी जावं लागतं. म्हातारी माणसं, लेकरं सोबत असतील तर हे धरून चाला. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, आधार कार्ड जवळ ठेवा. आणि नावं नीट वाचायची असतील तर 1 तारखेच्या गर्दीत ते होत नाही. वेचणी, तूर आटोपल्यावर फेब्रुवारीत गेलेलं बरं.