पोट शांत झालं, पण...

अक्काला देवासला दिलं ते १९८६ साली. तेव्हा अव्वा रडत होती आणि अण्णा तिची समजूत घालत होते, "अगं, आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व तिथेच राहतात. गाव काही परकं नाही."

भावजी हा दाखला अजून देतात, पण वेगळ्या कारणासाठी. क्षयाने आजारी असलेले कुमारजी १९४८ साली देवासच्या कोरड्या हवेत आले आणि बरे होऊन पुन्हा गायले. "मग माझंच पोट का बरं होणार नाही?" असा भावजींचा सवाल!

भावजींना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त आणि आव पडते. पहिली दोन वर्षं तर मूळव्याध समजून औषधं झाली. पहिल्यांदा रक्त पडलं त्याला आता चौदा वर्षं होतील. गोळ्यांमुळे गेली तीन वर्षं एक थेंब नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली कोलोनोस्कोपी त्यांनी दोनदा टाळली. मीही फोनवर म्हटलं होतं, "बरं वाटतंय ना, मग कशाला तो त्रास?"

गेल्या पावसाळ्यात देवासला गेलो, भावजींबरोबर इंदूरला डॉक्टरांकडे बसलो, तेव्हा माझी चूक कळली. क्षय औषधांनी समूळ बरा होतो. हा आजार शांत होतो, जात नाही. वर्षानुवर्षं सूज राहिली की अस्तराच्या पेशी मरतात, नव्या होतात, पुन्हा मरतात. या घडामोडीत एखादी पेशी बिघडते आणि पुढे कॅन्सरची वाट धरते. म्हणून पहिल्या लक्षणापासून आठ वर्षं झाली की दुर्बिणीने तपासणी करायची. त्यानंतर धोका पाहून दर एक ते पाच वर्षांनी.

आणि गंमत पाहा, ही तपासणी आजार शांत असतानाच करणं उत्तम. सूज असेल तर बिघडलेली पेशी कोणती आणि सुजलेली कोणती, हे ओळखणं अवघड जातं. म्हणजे आम्ही टाळायला जे कारण देत होतो, तेच करून घ्यायचं कारण होतं!

धारला भावजींचे मावसभाऊ असतात. त्यांनाही हाच आजार, पण फक्त गुदाशयापुरता. कॅन्सरचं नाव ऐकून त्यांनी जेवण सोडलं होतं. त्यांना डॉक्टरांनी धीर दिला, एवढ्याशा भागात आजार असेल तर धोका इतरांपेक्षा फारसा वाढत नाही. जास्त जपायचं ते आतड्याचा मोठा भाग सुजलेल्यांनी, सूज आटोक्यात न येणाऱ्यांनी आणि घरात आई-वडील, भावंडांना आतड्याचा कॅन्सर झालेल्यांनी. सोबत यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार असेल, तर निदानापासूनच दरवर्षी तपासणी लागते. क्रोन्सच्या आजाराने मोठं आतडं बरंचसं धरलं असेल, तर त्यांनाही हेच नियम.

घाबरायचं किती? २००१ साली जुने अभ्यास एकत्र करून आकडा आला होता, तीस वर्षांनंतर शंभरात अठरा. पुढच्या अभ्यासांत धोका यापेक्षा बराच कमी दिसला. म्हणजे बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पण आपण बहुतेकांत आहोत की नाही, हे आरशात पाहून कळत नाही.

भावजी अखेर तयार झाले. आदल्या दिवशी हलकं खाणं, मग पोट साफ करायचं औषध पाण्यातून. "परीक्षेपेक्षा हा अभ्यासच कठीण," असं म्हणत त्यांनी तेही केलं. तपासणीत एक छोटी गाठ सापडली, ती तिथेच पूर्ण काढली. तुकडा तपासायला गेला.

दहा दिवसांनी मी बेळगावात असताना अक्काचा फोन आला. "तम्मा, कॅन्सर अल्ल!" आवाज रडवेला होता. पण "एनू इल्ल" असं ती म्हणाली नाही. पेशींत बदल सुरू झाले होते. वर्षभराने पुन्हा तपासणी आहे.

तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल, तर पहिल्यांदा रक्त कोणत्या साली पडलं ते आज कागदावर लिहा. आठ वर्षं झाली असतील, तर गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांना तारीख विचारा. बरं वाटतंय? मग हीच वेळ.