हमिंगबर्ड नव्हे, आपला शिंजीर

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून नातीनं एक व्हिडिओ पाठवला. तिच्या अंगणात साखरपाण्याची लाल बाटली टांगलेली, आणि तिच्यापुढे अंगठ्याएवढा पक्षी हवेत जागच्या जागी थांबून पाणी पितोय. नराचा गळा माणकासारखा लाल. "आजी, तुझ्याकडे येतात का गं हमिंगबर्ड?"

शेजारच्या वहिनी तेव्हा बसलेल्याच होत्या. म्हणाल्या, "अहो, हा तर तुमच्या वेलावर रोज येतो की!"

येतो तो निराळा, वहिनी. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत. आपल्या देशात एकही नाही. टावर चौकामागच्या आमच्या गल्लीत येतो तो जांभळा शिंजीर. कोणी सूर्यपक्षी म्हणतात, आमचा दूधवाला शकरखोरा म्हणतो. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम दहा सेंटीमीटर आणि वजन एखाद्या नाण्याएवढं. लांबून नर काळाच वाटतो, पण ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मळकट हिरवी, खालून पिवळी. विणीचा हंगाम संपला की नराचीही झळाळी जाते. तो मादीसारखाच दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहते.

गंमत म्हणजे या दोघांचं नातं काहीच नाही. हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या जवळचा, तर शिंजीर चिमण्या-कावळ्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला. फुलातला मध काढायचा धंदा दोघांचा एक, म्हणून बारीक चोच आणि मध ओढणारी जीभ दोघांना वेगवेगळी मिळाली. उडण्यात मात्र हमिंगबर्ड पुढे. नातीकडचा तो लाल गळ्याचा पक्षी सेकंदाला पन्नासच्या वर वेळा पंख हलवतो, मागेही उडतो. वजन तीन ग्रॅम, पण हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे जाताना त्यातले कित्येक मेक्सिकोच्या आखातावरचे आठशे किलोमीटर न थांबता पार करतात. आमचा शिंजीर अशा फंदात पडत नाही. तो फांदीवर बसतो, वाकतो, प्रसंगी उलटा लटकतो. जास्वंदीसारखं फूल खोल असलं तर सरळ बुडाशी भोक पाडून मध चोरतो. पण पळसाला त्याचा मोठा आधार. ज्या फुलांचा रंग आपण रंगपंचमीला करायचो, त्यांचे परागकण इकडून तिकडे नेण्याचं काम हा करतो.

चौकातही तो दिसतो बरं का. सकाळी, चाटच्या गाड्या लागण्याआधी, उभ्या स्कूटरच्या आरशावर एक नर चोची मारत असतो. आरशातला तो त्याला दुसरा नर वाटतो.

आता एक कबुली. मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी मी घर झाडायला काढलं होतं. गॅलरीत दिव्याच्या वायरला एक जळमट लोंबत होतं. वाळकी पानं, सालीचे तुकडे, धुळीचे गोळे, खाली शेपटासारखा कचरा. मी लांब दांड्याचा झाडू घेतला आणि एका फटक्यात ते खाली पाडलं. फरशीवर दोन अंडी फुटली.

हातात घेऊन बघितलं तेव्हा कळलं. बाहेरून कचरा, पण सगळा कोळ्याच्या जाळ्यानं शिवलेला. त्यात अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवलेली. बाजूला दार, दारावर पावसाळी छपरीसारखी छोटी पडवी, आणि आत मऊ कापूस. शत्रूला कचरा वाटावा म्हणूनच ती अशी बांधते, आणि मी तर स्वच्छतेची एवढी भोक्ती!

थोड्या वेळानं मादी आली. वायरपाशी, जिथे दार होतं बरोबर तिथे, पंख फडफडवत हवेत थांबली. शिंजीरालाही क्षणभर असं थांबता येतं. मग गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी आत निघून गेले.

यंदा मार्चमध्ये वेलाच्या एका लोंबत्या फांदीला पुन्हा जाळं दिसलं. तीच मादी की दुसरी, देव जाणे. रंगारी ठरला होता, पुढच्या महिन्यात पुतणीचं केळवण. मी रंगाऱ्याला फोन करून थांबवलं. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. कपडे गच्चीवर गेले, गॅलरीचं दार बंद. वेलावर मावा पडला होता, तरी औषध मारलं नाही. कारण शिंजीर नुसता मधावर जगत नाही. पिल्लांना तर किडे आणि कोळीच लागतात. नात म्हणाली, तूही बाटली टांग. नको म्हटलं. वेल आहे, वेलावर किडे आहेत, पुरे.

घरटं बांधणं, अंडी उबवणं सगळं मादीचं. नर समोरच्या तारेवर बसून नुसता ओरडत होता, तेव्हा मला त्याचा रागच आला. पण साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी पिल्लं निघाली आणि तो चोचीत किडे घेऊन हजर! नातीच्या हमिंगबर्डचा बाप हे करत नाही. तिथे सगळं एकट्या आईवर. हे मी नातीला मुद्दाम कळवलं.

केळवण रंग न दिलेल्या घरातच झालं. त्यानंतर एका सकाळी घरटं रिकामं होतं. एक पिल्लू तारेवर दिसलं, आखूड शेपटीचं, तोंड उघडून बसलेलं. दुसरं मला दिसलं नाही. दिवसभर गॅलरीखाली, कुंड्यांमागे शोधलं.

काल रंगारी आला. शिडी लावून वर बघत म्हणाला, "माताजी, ये कचरा हटा दूँ?"

म्हटलं, "रहने दो भैया. उतना कोना छोड़कर रंग दो."